चेकर सुटला त्या रविवारी

बैठक सकाळी आठला ठरली होती. साडेआठपर्यंत तिच्यात फक्त पोपट बोलला होता.

"चला," तो पिंजऱ्यातून लिंबाजीच्या आवाजात म्हणाला. मग मान वाकडी करून, तितक्याच भरदार आवाजात, "सोडायचं न्हाई."

"ऐकलं?" पंढरी म्हणाला. "आबा स्वतः म्हणून राहिले, चला. नांदेडला चला."

"आन पुढचं?" केरबानं विचारलं. "सोडायचं न्हाई. म्हंजे लातूर सोडायचं न्हाई. अर्धंच ऐकू येतं का भाऊ तुला?"

लिंबाजी स्वतः पिंजऱ्याखाली बाजेवर बसला होता, पाठीला दोन उशा लावून. बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. गेल्या जूनमध्ये लकवा मारला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ एकाच दुपारी गेली. हातापायात नंतर थोडा जीव आला, बाजेवरून खुर्चीवर जाण्यापुरता. जीभ मात्र गेली ती गेलीच. अकरा महिने झाले, त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

त्याचे सगळे शब्द पोपटाकडे होते. निवृत्त झाल्यावर लिंबाजीनं हा पोपट पाळला आणि त्याचं नाव ठेवलं चेकर. नोकरीभर त्याला तिकीट तपासनिसाची धास्ती होती. एक तरी चेकर आपल्या पिंजऱ्यात असावा, असं तो हसून सांगायचा. दिवसभर बोलायला आता प्रवासी उरले नसल्यानं तो पोपटाशीच बोले. पोपट 'तिकीट घ्या, तिकीट' म्हणायला शिकला, 'पुढं सरका' म्हणायला शिकला, 'हट' म्हणायला शिकला. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी दिलेली पितळी घंटी दारात टांगलेली होती, तीही शिकला. टिंग म्हणजे थांबा, टिंग टिंग म्हणजे निघा. आवाज इतका हुबेहूब की घरातलं माणूससुद्धा दाराकडे वळून बघे.

लिंबाजीची वाचा गेली आणि घराला हळूहळू एक सवय लागली. आबांना काय वाटतं हे विचारायचं झालं, की सगळे पिंजऱ्याकडे बघू लागले.

आजची बैठक आईबापानं कुठं राहायचं याची होती. थोरला पंढरी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होता. राहायला क्वार्टर होतं, नळाला दोन वेळ पाणी होतं. लातुरात पाऊस गेल्या साली नावाला झाला होता आणि यंदाचा मे भाजून काढत होता. टँकर येई तेव्हा पाणी, न येई तेव्हा भांडणं. पंढरीचं म्हणणं सरळ होतं: मायनं या वयात घागरी ओढायच्या नाहीत.

धाकट्या केरबाचं म्हणणंही सरळ होतं, पण त्याला ते सांगता येत नव्हतं. लातूर जिल्हा होऊन वर्ष भरायचं होतं. उस्मानाबादहून फायलींच्या पेट्या अजून येतच होत्या, आणि त्या पेट्या उतरवून घेणाऱ्या शिपायांत केरबाला नोकरी लागली होती. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही. आईबाप नांदेडला गेले तर संध्याकाळी या घरात त्याच्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं, आणि भाकरी करणारंही. हे कसं म्हणायचं? म्हणून तो म्हणत होता, "आबांना हवा मानवणार न्हाई."

"नांदेडची हवा काय इलायतेची हाय का?" पंढरीची बायको देवशाला म्हणाली.

"चहा घ्या आधी," लिंबाजीची बायको सरजाबाई म्हणाली. "अर्धाच कप हाय. पाणी तेवढंच हाय."

सगळे उठून स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले. तिथं उभ्या उभ्याच वाद पुन्हा पेटला. दहा मिनिटांनी सरजाबाई नवऱ्याचा कप घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली.

पिंजऱ्याचं दार उघडं होतं. आत एक अर्धी मिरची पडली होती.

*

सरजाबाई रडली नाही. ती कप जमिनीवर ठेवून खाली बसली आणि म्हणाली, "माझा माणूस मुका झाला आज."

पंचशीलाला हे ऐकून चमकल्यासारखं झालं. तिला रेणापूरला देऊन नऊ वर्षं झाली होती. ती तिथं प्राथमिक शाळेत शिकवत होती आणि भावांनी बोलावलं म्हणून सकाळच्या गाडीनं आली होती. अकरा महिने बाप मुकाच आहे, हे आईला आज कळतंय? मग तिच्या लक्षात आलं. रोज दुपारी माय पिंजऱ्याजवळ निवडायचं सूप घेऊन बसते, ती काही तूर निवडायला नव्हे.

"दार कुणी उघडलं?" पंढरीनं विचारलं.

"ज्याला पोपट नको होता त्यानं," केरबा म्हणाला. "नांदेडच्या क्वार्टरात घाण करील म्हणून कोण म्हणलं होतं? वैनी म्हणली होती."

"मी?" देवशालानं पदर खोचला. "मी म्हणाले खरं. पण माझ्यासमोर चहा होता, माझे दोन्ही हात गुंतले होते. तुझंच बघ. पहाटे पहाटे पिंजऱ्यापुढं कोण उकिडवं बसत असतं? शेजारच्या भामाबाईनं सांगितलंय मला. आबांचा आवाज काढून काय शिकवत होतास?"

केरबानं जमिनीवरचा कप उचलून बाजूला ठेवला.

"काय शिकवत होतास?" पंढरीनं विचारलं.

"लातूर सोडायचं न्हाई," केरबा जमिनीकडे बघत म्हणाला. "दोन महिने. त्याला लातूर म्हणता येईना."

पंढरीचा चेहरा लाल झाला. "लाज हाय का? बापाच्या आवाजात? बापाच्या तोंडात आपलं घालायचं?"

"आणि तुमचं?" पंचशीला शांतपणे वहिनीकडे वळली. "माघ महिन्यात तुम्ही आठ दिवस राहून गेल्या. चेकर त्याच्या आधी कधी 'चला' म्हणत नव्हता."

देवशालानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आढ्याकडे पाहिलं.

"'चला नांदेडला' असं शिकवलं होतं मी, आबांसारखाच आवाज काढून," देवशाला म्हणाली. "त्याला नांदेड म्हणता येईना."

कुणी काही बोलायच्या आत गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. खणखणीत, दमदार, बावीस वर्षांच्या नोकरीतला.

"पुढं सरका! पुढं सरका!"

*

गल्लीच्या टोकाला लिंबाच्या झाडाखाली टँकर उभा होता. त्याच्या मागं ऐंशी घागरी, हंडे, डबे आणि जागा धरायला ठेवलेले दगड अशी रांग होती. रांगेचा कारभार भामाबाईकडे होता. ती कुणी नेमलेली नव्हती, पण तिच्यापुढं कुणाचं चालत नसे.

तिनं पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा तिला वाटलं, लिंबाजी बरा झाला. "अगं बया, लिंबाजीमामा बोलायला लागले!" असं ती म्हणतेय तोवर मागच्या बायका पुढं सरकल्या होत्या. आवाजच तसा होता. आयुष्यभर एसटीत त्या आवाजाला सरकलेली माणसं होती ती. चार हंडे आडवे झाले. कुणीतरी कुणाच्या पायावर दगड ठेवला.

"मागं व्हा!" भामाबाई ओरडली.

"पुढं सरका!" वरून आवाज आला. "उभं राहू नका, पुढं सरका!"

चेकर टँकरच्या टपावर बसला होता. टपाच्या झाकणाशी पाणी डचमळून छोटं डबकं झालं होतं, त्यात तो चोच बुडवत होता, आणि दोन घोटांच्या मधे रांगेला हुकूम देत होता.

पंढरी आणि केरबा धावत आले. त्यांच्या मागं पंचशीला. "पळू नका!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्याच्याकडं बोट दाखवू नका, ओरडू नका. आमच्या हेडमास्तरांचा पोपट सुटला होता. भ्यायला की उंच जातो, आन उंच गेला की त्याला उतरता येत न्हाई. पिंजऱ्यातल्या पाखराला खाली उतरायचं ठावंच नसतं."

"मग काय करायचं?"

"त्याचा पिंजरा आणायचा. दार उघडं ठेवून त्याला दिसंल असा ठेवायचा. मिरची, पाणी. आन गप बसायचं."

योजना चांगली होती. पण चेकरनं पाणी पिऊन पंख झटकले, खुशीत आला, आणि म्हणाला, "टिंग टिंग."

टँकरचा ड्रायव्हर शेषेराव स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी घेत होता. तोही एसटीतूनच निवृत्त झालेला, आणि त्यातली तेरा वर्षं लातूर-नांदेड गाडीवर लिंबाजी त्याच्या मागं होता. टिंग टिंग ऐकू आलं तसा त्याचा पाय क्लचवर गेला. डोळे नंतर उघडले. गिअर पडला, टँकर हलला, भामाबाईच्या हंड्यातली नळी उपसून निघाली आणि रस्त्यावर पाण्याचा फवारा उडवत टँकर बाजाराच्या दिशेनं गेला. टपावर चेकर पाय रोवून बसला होता. वाऱ्यानं त्याची पिसं उलटी झाली होती.

"तिकीट घ्या, तिकीट!" एवढं ऐकू आलं, मग वळणावर टँकर दिसेनासा झाला.

ऐंशी घागरींच्या रांगेत सगळ्या एकदम बोलल्या.

*

केरबाची सायकल एक होती आणि भाऊ दोन होते. केरबा पुढं पॅडल मारत होता, पंढरी मागच्या कॅरिअरवर पाय अंगावर घेऊन बसला होता. चाळिशीला आलेला माणूस असा कॅरिअरवर बसल्याला पंचवीस वर्षं झाली असतील.

रस्त्यावरच्या पाण्याच्या ओल्या पट्ट्यावरून टँकरचा माग लागत होता. पण ऊन असं होतं की पट्टा त्यांच्या डोळ्यांदेखत वाळत होता.

"जोरात मार," पंढरी म्हणाला.

"तू उतर, मग मारतो."

"केरबा."

"काय?"

"तू उघडलंस का दार? खरं सांग. मी कुणाला सांगणार न्हाई."

"न्हाई रे भाऊ. तू?"

"न्हाई."

चढ आला तसा केरबा पॅडलवर उभा राहिला.

"मी दोन महिने शिकवलं त्याला," केरबा म्हणाला. "मी काहून सोडीन? माझी मेहनत होती."

पंढरीला हसू आलं. आपण हसतोय हे केरबाला कळू नये म्हणून त्यानं खोकल्याचं निमित्त केलं, पण कॅरिअर हलला आणि केरबाला कळलं.

*

घरी देवशालाला भाजीचा हातगाडा मिळाला. ही कल्पना टँकर गेल्यावर घरी परतलेल्या पंचशीलाची होती: पोपट फक्त आबांच्या हातावर येतो, तेव्हा आबांनाच न्यायला हवं. सरजाबाई म्हणाली, माणसानं अकरा महिन्यांत उंबरा ओलांडला नाही, त्याला भर उन्हात नेता? मग तिनं लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजी डाव्या हातानं स्वतःची चप्पल ओढत होता.

हातगाड्यावर गोधडी टाकली. चौघींनी मिळून, कारण भामाबाईही आली होती, लिंबाजीला उचलून वर बसवलं. सरजाबाईनं छत्री धरली. देवशालानं पिंजरा डोक्यावर घेतला. ती नांदेडहून येताना बैठकीसाठी चांगलं लुगडं नेसून आली होती, आणि आता तिच्या कपाळावर वाळलेली मिरचीची बी चिकटली होती.

"वैनी, मी घेते," पंचशीला म्हणाली.

"राहू द्या हो. चला तुम्ही."

गाडा ढकलताना पंचशीलाची नजर बापाच्या डाव्या हातावर गेली. बोटांना सुतळीचा तंतू चिकटला होता. पिंजऱ्याच्या दाराला सुतळीची गाठ असते. पिंजरा बाजेच्या डोक्याशी, डाव्या अंगाला टांगलेला असतो, म्हणजे आबांना चेकरला मिरची भरवता यावी.

तिनं गाडा ढकलता ढकलता वाकून विचारलं, "आबा, तुम्ही?"

लिंबाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो दुकानांकडे पाहत होता, पाट्यांकडे, रिकाम्या पडलेल्या उसाच्या चरकाकडे, ओळखीच्या माणसांकडे जी हात वर करून 'लिंबाजीराव!' म्हणत होती. त्याच्या तोंडाची डावी बाजू वर गेली होती. उजवी जाऊ शकत नव्हती.

पंचशीलानं तो तंतू हळूच काढला आणि टाकून दिला.

*

टँकर सापडला तो गावाबाहेर, नव्या जिल्ह्याच्या एका कार्यालयाचं बांधकाम चाललं होतं तिथं. बांधकाम पाण्याअभावी बंद होतं. तीन मजल्यांचा सांगाडा आणि त्याला बांबूची परांची एवढंच उभं होतं. शेषेराव टँकरच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"पंढरी, लेका," तो म्हणाला, "मला वाटलं लिंबाजी चढला मागून. खरंच वाटलं. इथवर मी त्याच्याशी बोलत आलो. म्हटलं, बरा झालास गड्या, सांगितलं न्हाईस. आरशात बघितलं तर पोपट."

"आता कुठं हाय?"

शेषेरावनं वर बोट केलं. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर, सगळ्यात वरच्या बांबूवर हिरवा ठिपका होता.

थोड्या वेळानं वाटेत विचारत विचारत हातगाडाही आला. सावली एकाच भिंतीची होती, तिच्यात सगळे ओळीनं बसले: लिंबाजी गाड्यावर, बाकीचे जमिनीवर. पंचशीलानं पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर पिंजरा ठेवला, दार उघडं. वाटीत पाणी, शेजारी चार हिरव्या मिरच्या आणि देवशालानं वाटेत मागून आणलेला पेरू कापून.

"आता गप बसायचं," ती म्हणाली. "ऊन उतरलं की त्याला भूक लागंल."

गप बसणं या घराला जमत नव्हतं. बारा वाजले तेव्हा केरबा म्हणाला, चेकरचे पंख वेळीच छाटले असते तर ही वेळ आली नसती. पंढरी म्हणाला, दार नीट बांधलं असतं तरी आली नसती. एक वाजता दार कुणी उघडलं हा विषय परत निघाला. केरबानं वहिनीचं नाव घेतलं. देवशाला म्हणाली, पोपटासाठी मी डोक्यावर पिंजरा घेऊन गावातून आले, अजून काय करू? पंढरी म्हणाला, आईबापाला नेण्याच्या आड पोपटच येत होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे तो गेल्यानं फायदा कुणाचा? हे आपल्याच बायकोवर आलं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"असं व्हय," देवशाला म्हणाली आणि उठून शेषेरावच्या टँकरपाशी जाऊन बसली.

"पुरे," पंचशीला म्हणाली. "आबांनी उघडलंय दार."

"काय?"

"आबांनी. डाव्या हातानं गाठ सोडली. तुम्ही सगळे चहावर भांडत होता तेव्हा."

दोघे भाऊ हातगाड्याकडे बघू लागले. लिंबाजी समोर परांचीकडे बघत होता, जणू विषय दुसऱ्याच कुणाचा चालला होता.

"काहून पण?" केरबा म्हणाला. "आबांचा जीव हाय त्याच्यावर."

"तू लातूर म्हणून राहिलास, वैनी नांदेड म्हणून राहिल्या, आन दोघंबी आबांच्या आवाजात. समोर बसून ऐकावं लागत होतं त्यांना. मी असते तर मीबी सोडला असता."

सरजाबाई छत्री धरून उभी होती. तिनं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि नवऱ्याला विचारलं, "मलाबी आवडायचं त्याचं बोलणं ऐकायला. त्याचाबी राग आला का?"

लिंबाजीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. नाही.

*

चार वाजले असतील. चेकर दोनदा खालच्या बांबूवर आला होता आणि दोनदा परत वर गेला होता. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा थोडा खालीच थांबला, आणि प्रत्येक वेळी पंचशीलानं भावांचे दंड धरून त्यांना खाली बसवलं. आता तो पहिल्या मजल्याच्या वर, पिंजऱ्यापासून दोन हातांवर होता. मान तिरपी करून पेरूकडे बघत होता.

याच वेळी शेषेरावला वाटलं की चूक आपली आहे तर भरपाईही आपण करावी. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, मागच्या बाजूनं परांचीवर चढला, आणि टॉवेल दोन्ही हातांत पसरून चेकरच्या दिशेनं सरकू लागला. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस बांबूवर चालत होता. ओरडावं तर पोपट उडणार, न ओरडावं तर शेषेराव पडणार.

"हट!"

आवाज घोगरा होता, तुटका होता, त्यातला ट नीट लागला नव्हता. पण तो परांचीवरून आला नव्हता. तो हातगाड्यावरून आला होता.

शेषेराव जागच्या जागी थिजला. टॉवेल त्याच्या हातातून सुटून खाली आला.

लिंबाजीचा चेहरा घामानं भिजला होता. डावा हात वर झाला होता. "ह..." त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "ह... ट."

वरून चेकरनं मान वळवली. त्यानं हा शब्द ऐकला, तपासला, आणि त्याला तो बरोबर वाटला नाही. "हट!" तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत, जुन्या लिंबाजीचा.

लिंबाजीनं ओठ ओले केले. "हट."

"हट!"

"हट."

"हट!" चेकर म्हणाला आणि बांबूवरून उड्या मारत, वाटेत पेरूकडे न बघता, पिंजऱ्यावरून चालत स्लॅबच्या कडेला आला. तिथं थांबला. लिंबाजीनं हात लांब केला. गाडा स्लॅबपासून चार हात दूर होता. पंढरी आणि केरबानं एकमेकांकडे पाहिलं, दोघांनी दोन बाजूंनी गाडा धरला आणि आवाज न करता पुढं ढकलला. चेकरनं पंख उघडले, वेडावाकडा, अर्धा पडत अर्धा उडत खाली आला आणि लिंबाजीच्या मनगटावर आपटला.

"धरा," केरबा कुजबुजला. "आबा, मूठ मिटा."

लिंबाजीनं मूठ मिटली नाही. चेकर मनगटावरून दंडावर, दंडावरून खांद्यावर गेला आणि तिथं थकून बसला.

"मला कुणी खाली घेईल का?" परांचीवरून शेषेराव म्हणाला.

*

सरजाबाईला घरी येईपर्यंत काही सुचत नव्हतं. डॉक्टरनं त्या जून महिन्यातच सांगितलं होतं, याच्याशी बोला, याला बोलायला लावा, एकेक अक्षर घ्या. आठ दिवस घेतलं होतं. मग पोपट आयता बोलत होता, आणि त्याचं बोलणं चांगलं होतं. आपण कानाला गोड लागेल ते ऐकत बसलो, असं तिला वाटलं. कुणाला न दिसेल असं तिनं पदरानं डोळे पुसले.

अंगणात पंचशीला पिंजऱ्याच्या दाराला तारेचा पीळ देत होती. असा पीळ, जो सोडायला दोन हात लागतील. केरबा कात्री घेऊन आला होता, चेकरची पिसं छाटायला. लिंबाजीनं कात्री त्याच्या हातातून काढून घेतली आणि मांडीखाली ठेवली.

"तार पुरे," सरजाबाई म्हणाली.

भामाबाई सांडलेल्या हंड्याबद्दल भांडायला आली होती, पण लिंबाजी बोलला हे ऐकून तिथंच बसली आणि उठायला तयार नव्हती.

पंढरी बापासमोर उकिडवा बसला. सकाळपासून पहिल्यांदा त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. "आबा," तो म्हणाला, "चुकलं आमचं. आता तुम्हीच सांगा. नांदेड का लातूर? हात वर करा, मान हलवा, काहीबी करा. तुम्ही म्हणाल तसं."

केरबाही येऊन शेजारी बसला. देवशाला दारात उभी राहिली.

लिंबाजीनं विचार केला. मग डावा हात उचलला आणि सरजाबाईकडे बोट केलं.

सगळे तिच्याकडे वळले. तिला वाटलं, काहीतरी आणायला सांगतोय. "पाणी देऊ?" तिनं विचारलं. लिंबाजीनं मान हलवली आणि बोट तसंच धरलं.

"तुला इचारायला सांगून राहिलेत," पंचशीला म्हणाली.

सरजाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. तिच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. लग्न तिला विचारून झालं नव्हतं. नवऱ्याची बदली उदगीरला झाली तेव्हा, पोरीला रेणापूरला दिलं तेव्हा, या गल्लीत घर घेतलं तेव्हा ती प्रत्येक बैठकीत होती आणि प्रत्येक बैठकीत चहा तिनं केला होता.

"मला नांदेडला जायचंय," ती म्हणाली.

केरबाचं तोंड उघडं राहिलं. पंढरीलासुद्धा हे अपेक्षित नव्हतं.

"ह्यांच्या हवेसाठी न्हाई. माझ्यासाठी. तिथं गोदावरी हाय. मला रोज सांजच्याला नदीत पाय सोडून बसायचंय, आन कुणी घागर दे म्हणायचं न्हाई. पाऊस पडून इथल्या हिरीला पाणी आलं की मी माघारी येणार. तवर ह्यांची जीभबी तिथंच घोटून घेते. पाखरू संगं येईल." तिनं देवशालाकडे पाहिलं. "चालंल ना बाई तुला?"

"चालंल, आत्या," देवशाला म्हणाली. "घाण मी काढीन."

"आन माझं?" केरबानं विचारलं. सव्वीस वर्षांचा माणूस होता, पण आवाज तसा निघाला नाही. "माझ्या भाकरीचं?"

"परात आण," सरजाबाई म्हणाली.

"आता?"

"आता न्हाई तर कवा? उद्याच्या गाडीनं जायचं म्हणते मी."

केरबानं परात आणली. भामाबाईला हसू आवरेना. सरजाबाईनं ज्वारीचं पीठ घातलं, तांब्यातून ओंजळभर पाणी मोजून ओतलं, आणि मागं सरून भिंतीला टेकून बसली. केरबानं पीठ मळलं. मळलं म्हणजे चिवडलं. पंढरी वाकून बघत होता, मग त्यानं बाह्या सारल्या आणि म्हणाला, "असं न्हाई रे, तळहातानं रगड," आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यालाही येत नाही. गोळा झाला, केरबानं तो थापायला घेतला, तीन थापांत भाकरी मधोमध फाटली.

त्यानं आईकडे पाहिलं.

"फाटू दे," सरजाबाई जागेवरूनच म्हणाली. "मोड आन दुसरा गोळा घे."